प्रवाळाची फांदी रुजते कशी?

समुद्रातील प्रवाळाची फांदी तोडून ती दुसऱ्या खडकावर पक्की बसवली, तर अनुकूल परिस्थितीत ती जीव धरते आणि वाढू लागते. परदेशातील अनेक हौशी मंडळी घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत हा प्रयोग करतात. भारतात मात्र परवानगीविना कठीण प्रवाळ बाळगणे हा गुन्हा आहे. याच तंत्राचा उपयोग तामिळनाडूच्या किनाऱ्यावर खचलेल्या प्रवाळभित्ती सावरण्यासाठी केला जात आहे. तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर समुद्री गवताच्या बाबतीतही याच धर्तीचे काम झाले आहे.

प्राणी, वनस्पती नव्हे

फांद्यांसारख्या आकारामुळे प्रवाळ ही वनस्पती असल्याचा समज होतो. वस्तुतः तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव एकत्र राहून वसाहत तयार करतात आणि पाण्यातील कॅल्शियम शोषून चुनखडीचा सांगाडा रचतात.

या जिवांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल वास करते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. उथळ, स्वच्छ आणि उबदार पाण्यातच प्रवाळभित्ती वाढतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

अंगठीत जडवले जाणारे तांबडे पोवळे या प्रकारातले नाही. ते भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी खोल पाण्यात वाढते आणि त्यात असे शैवाल नसते.

एका तुकड्यातून वसाहत

वादळात प्रवाळाच्या फांद्या तुटून तळाशी पडतात. त्यांपैकी काही खडकाच्या सांदीत अडकतात, तेथे चिकटतात आणि नवी वसाहत सुरू होते. तुकड्यातील प्रत्येक पॉलिप स्वतंत्रपणे जगू शकत असल्याने हे शक्य होते. माणसाने निसर्गाची हीच रीत उचलली आहे.

वाढीचा वेग जातीनुसार बदलतो. ॲक्रोपोरासारखे फांदीदार प्रवाळ अनुकूल स्थितीत वर्षाला सुमारे १० सेंटिमीटर वाढू शकतात. पोराइटिससारखे गोलाकार प्रवाळ वर्षभरात जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे टेबलाएवढी वसाहत तयार होण्यास अनेक दशके, काही वेळा शतकही लागते.

कापणी आणि जोडणी

जेथे कायद्याची मुभा आहे, तेथील मत्स्यपेटीत निरोगी आणि पूर्ण स्थिरावलेली वसाहतच कापणीसाठी निवडतात. फांदीदार प्रवाळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा हाडे कापण्याच्या कात्रीने तोडला जातो. गोलाकार प्रवाळासाठी पाण्याने थंड ठेवलेली बारीक करवत वापरतात. काप स्वच्छ असावा लागतो. चिरडलेल्या ऊतींमध्ये जंतुसंसर्ग लवकर होतो.

तुकडा काही वेळ आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवून धुतला जातो. नंतर त्याचा तळ टिपून कोरडा करतात आणि सायनोॲक्रिलेट जातीच्या घट्ट गोंदाने सिरॅमिकच्या चकतीवर किंवा लहान खुंटीवर चिकटवतात. हा गोंद ओलसर पृष्ठभागावरही धरतो. मोठ्या तुकड्यासाठी पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सीची लुकण वापरली जाते. ही सर्व क्रिया काही मिनिटांत उरकावी लागते.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुकडा हलता कामा नये. डोलणाऱ्या तुकड्याचा तळ पुनःपुन्हा खरवडला जातो आणि तेथे नवी ऊती पसरत नाही. तो स्थिर राहिला, तर काही आठवड्यांत ऊती गोंदावरून उतरून चकतीवर येते. रुजल्याची खरी खूण तीच मानली जाते.

पाण्याची निगा

तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारांचे प्रमाण दर हजारी सुमारे ३५ भाग आणि कॅल्शियम दर लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अशी स्थिती सामान्यतः योग्य समजली जाते. याहून महत्त्वाचे आहे ते सातत्य. आकडा आदर्शापेक्षा किंचित कमी असला तरी प्रवाळ तग धरतो; रोज बदलणाऱ्या पाण्यात मात्र तो खंगतो. नव्या तुकड्याला आरंभी मंद प्रकाश आणि मध्यम प्रवाह देतात.

काही झोअँथिड जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. ते जखमेतून, डोळ्यांतून किंवा उडालेल्या तुषारांतून शरीरात जाऊ शकते. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम केले जाते.

कायदा काय सांगतो?

जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने भित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश केला. वाघ आणि हत्ती याच अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

घरात कापून वाढवलेला तुकडा हा त्याच संरक्षित प्राण्याचा अंश असतो. त्यामुळे ‘आम्ही समुद्रातून काही काढले नाही’ एवढे सांगून सुटका होत नाही. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याशी बांधलेला आहे. दुकानदाराने हमी दिली, तरी कायदेशीर कागदपत्रांची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते.

सार्वजनिक कामालाही हीच परवानगी लागते. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती अन्यत्र हलवण्यात आल्या. त्यासाठी वन विभागाची मंजुरी घेण्यात आली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभले.

मन्नारच्या आखातातील प्रयोग

तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावरील मन्नारच्या आखातात २१ बेटांभोवती प्रवाळभित्ती आहेत. १९८६ मध्ये येथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्यापूर्वी आणि नंतरही अनेक वर्षे चुना व बांधकामासाठी येथील प्रवाळ खणून नेले जात. भित्ती नाहीशी झाल्यावर लाटा थेट बेटांवर आदळू लागल्या. तूतुकुडीजवळील वान बेटाची मोठी झीज झाली.

तूतुकुडी येथील सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने २००२ पासून या भागात प्रवाळांचे पुनर्रोपण हाती घेतले. निरोगी वसाहतीतून थोडेच तुकडे घेऊन ते सिमेंटच्या लहान लाद्यांवर बांधले जातात आणि लाद्या काँक्रीटच्या चौकटींवर ठेवल्या जातात. चौकटीमुळे तुकडे तळाच्या वाळूपासून उंच राहतात आणि गाळाखाली गाडले जात नाहीत. मत्स्यपेटीतील चकती आणि समुद्रातील ही लादी यांमागील तत्त्व एकच आहे.

तंजावरच्या किनाऱ्यावर

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या जिल्ह्याला समुद्रकिनाराही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मल्लिपट्टणमजवळ सरफोजीराजे दुसरे यांनी नेपोलियनवरील ब्रिटिश विजयाच्या स्मरणार्थ बांधवलेला मनोरा आजही उभा आहे.

मनोऱ्यासमोर पाल्कचा उपसागर पसरला आहे. कावेरीच्या मुखप्रदेशालगतचा हा समुद्र उथळ आणि गाळाचा आहे. गढूळ पाण्यात प्रवाळाला पुरेसा प्रकाश मिळत नाही. पाल्कच्या उपसागरातील प्रवाळ मुख्यतः दक्षिणेस मंडपम आणि रामेश्वरमच्या परिसरात आढळतात. तंजावरच्या किनाऱ्याची संपत्ती आहे ती समुद्री गवताची कुरणे.

या कुरणांवर डुगाँग, म्हणजेच समुद्रगाय, चरते. तिला दिवसाला ३० ते ४० किलो गवत लागते. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे कुरणांत ठिकठिकाणी उघडे पट्टे पडतात. ते भरून काढण्यासाठी या भागातील ओमकार फाउंडेशन या संस्थेने स्थानिकांच्या साह्याने गवताची रोपे बांबूच्या चौकटींवर काथ्याच्या दोरीने बांधून तळाशी बसवली. रोपे मूळ धरेपर्यंत चौकट त्यांना लाटांत आधार देते. पुढे बांबू आणि काथ्या कुजून जातात आणि समुद्रात प्लास्टिक उरत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले.

मर्यादा

पुनर्रोपण हा रामबाण उपाय नाही. एकाच वसाहतीचे तुकडे अनुवांशिकदृष्ट्या एकसारखे असतात. एक रोग किंवा एक उष्ण उन्हाळा ते सर्व एकदम नष्ट करू शकतो. त्यामुळे अनेक वसाहतींतून तुकडे घेणे आवश्यक असते.

समुद्राचे तापमान नेहमीच्या कमाल उन्हाळी पातळीपेक्षा एक अंशाने वाढून काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. मन्नारच्या आखातात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची पुष्टी केली. अशा उन्हाळ्यात लादीवर नीट रुजलेला तुकडाही वाचेलच असे नाही.

घरातील मत्स्यपेटीत पाणी थंड ठेवणारे यंत्र लावता येते. समुद्रासाठी तशी सोय नाही. म्हणून तुकडे रुजवण्याइतकेच पाणी स्वच्छ राखणे, तळ खरवडणारी जाळी आवरणे आणि उष्णता वाढवणारे प्रदूषण कमी करणे महत्त्वाचे आहे. ज्यांना प्रवाळांची आवड आहे, त्यांनी ते समुद्रातच पाहावेत आणि तेही पाय न ठेवता. भरतीओहोटीच्या खडकांवर फिरताना बेसावध टाकलेले एक पाऊलही अनेक वर्षांची वाढ मोडू शकते.