पट्टीकरवत : आधी क्रम, मग काम

आमच्या शेजारच्या एका तरुणाने येथे बीरशेवात एक जुनी पट्टीकरवत, म्हणजेच बँड सॉ, विकत घेतली. त्याचे आजोबा मुंबईस सुतारकाम करीत. तीच विद्या आपण पुढे चालवावी, अशी त्याची उमेद. परंतु महिन्याभरात तीन पाती तुटली आणि यंत्र भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली. मी शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवितो, म्हणून मला बोलावणे आले. पाहतो तो यंत्र निर्दोष होते. जुळवणीचा क्रम तेवढा चुकला होता.

पाते तुटणे हे या यंत्राचे जुनेच दुखणे. पट्टीकरवतीची कल्पना इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली होती. पण पात्याचा सांधा टिकेना. १८४६ साली फ्रान्समध्ये क्रेपँ नावाच्या बाईंनी टोके जोडण्याची टिकाऊ रीत काढली, तेव्हा कुठे हे यंत्र कामास आले. आज सांधे मजबूत असतात. तरी दोन चाकांवरून फिरताना पाते क्षणोक्षणी वाकते व सरळ होते. त्यात त्याला बाजूने रेटले, की ते लवकर थकून तडकते.

आमच्या तरुणाने आधी गाईड घट्ट बसविले आणि मग पात्याला ताण दिला. योग्य क्रम नेमका याच्या उलट आहे.

प्रथम प्लग काढावा व सर्व गाईड मागे सारावेत. टेबलापाशी दात खाली व आपल्याकडे येतील असे पाते चढवावे. रुंदीनुसार ताण द्यावा. मग वरचे चाक हाताने फिरवीत त्याचा कल असा जुळवावा की पाते रबरी धावेच्या मध्यावर चालेल. त्यानंतरच बाजूचे गाईड कागदाच्या जाडीइतके अंतर राखून आणावेत. ते दातांना लागता कामा नयेत. पाठीमागचे बेअरिंगही तितकेच दूर असावे; ते लाकूड कापतानाच फिरावे, एरवी नाही. शेवटी गुण्या लावून टेबल काटकोनात आणावे.

पाते कामाजोगे निवडावे. ६ मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते. १२ मिलिमीटरच्या पात्याला साठाहून अधिक लागते. अरुंद वळणात रुंद पाते पिळू नये. वरचा गाईड लाकडाच्या वर ५-६ मिलिमीटरपर्यंत उतरवावा. त्याने पाते स्थिर राहते आणि उघडे दातही कमी राहतात. बोटे कधीही पात्याच्या रेषेत नसावीत. गोल लाकूड मोकळे धरून कापू नये, ते हातातच गरकन् फिरते.

धावेवर भुसा व चीक साचला तर पाते मध्यावरून सरकते. म्हणून ती ब्रशाने साफ ठेवावी. लाकूड जोराने ढकलावे लागले, की पाते बोथट झाले असे समजावे. शुक्रवारी दुपारी काम आटोपताना ताण सैल करावा. नाहीतर सुटीभर पात्यावर व धावेवर विनाकारण भार राहतो. रविवारी मात्र ताण पुन्हा दिल्याखेरीज यंत्र सुरू करू नये.

चौथे पाते या रीतीने चढविले. ते बोथट होईपर्यंत टिकले. त्या तरुणाने हा क्रम कागदावर लिहून यंत्राशेजारी भिंतीवर लावला आहे. ज्यांच्या घरी वा कारखान्यात असे यंत्र असेल, त्यांनीही तसे करावे, ही विनंती.