मनाचे प्रथमोपचार

18 जुलै 2021 रोजी मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात मुंबईतील माहुल भागात, भारतनगर येथे भिंत कोसळून 19 माणसे दगावली. अंगावरची जखम मलमपट्टीने भरते. पण वाचलेल्यांच्या मनाला बसलेल्या धक्क्याचे काय?

संकटात ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, छाती धडधडते, पुढे झोपही उडते. हा वेडेपणा नव्हे. ती शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया होय. आधार मिळाल्यास बहुतेकांचा हा त्रास हळूहळू ओसरतो.

हा आधार देण्याचेही शिक्षण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या पुस्तिकेत त्याची तीन सूत्रे आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. प्रशिक्षणार्थी आपसांत संकटग्रस्ताची व समुपदेशकाची भूमिका वठवून सराव करतात. घडलेले सारे लगेच वदवून घ्यावे, असे पूर्वी मानत; त्याने लाभ होत नाही, असे पाहणीत आढळले. म्हणून आज शिकवतात : खोदून विचारू नका, सांगेल ते ऐका.

माहुलपासून जवळच, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2012 मध्ये दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी 'आयकॉल' सेवा सुरू केली.

मित्रांनो, दुःखी सोबत्याला 'रडू नकोस' म्हणू नका, जवळ बसा. त्रास टिकला, तर शिक्षकांना सांगा. 'जोडून द्या' म्हणजे हेच!