खाली घेतलेली गाडी एका अंगाला कलते तेव्हा

आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतली की चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट कमी होते. पूर्वी न दिसणारी तफावत नेमकी त्यामुळेच डोळ्यांत भरते. चार बोटांच्या फटीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक कुणाला कळत नाही. दोन बोटांच्या फटीत तो लांबूनही दिसतो. मग गॅरेजमध्ये पहिला उपाय सुचवला जातो तो पॅकिंगचा: जी बाजू खाली गेली तिथल्या स्प्रिंगखाली रबराची चकती सरकवायची. पॅकिंगला सगळ्यात शेवटी हात लावावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कल कशाने आला हे कळण्याआधी पॅकिंग टाकलं तर दोष तसाच आत राहतो, वर तो झाकला जातो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकची, म्हणजे स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी यांची, रचना सारखीच आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. त्यामुळे पुढचं वर्णन या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

सुरुवात मापापासून. जमीन खरोखर सपाट हवी, आणि सोसायटीचं पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून उताराचंच असतं. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही चाकांच्या जागी धरून पाहा. उतार लगेच समजतो. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा, डिकी रिकामी करा, गाडी थोडी मागेपुढे ढकला आणि चारही कोपरे दाबून सोडा. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात, ती तशीच राहिली तर माप खोटं येतं. माप घ्यायचं ते चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा दोन्ही त्यात मिसळतात. मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं असेल, तर त्याच्या कडेवरही विसंबू नका. दाराखालच्या जॅक लावायच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची ताडून पाहा.

किती फरक खरा मानायचा? समजा पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा 25 न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. एका चाकावर 10 किलो वजन वाढलं म्हणजे साधारण 98 न्यूटन, आणि तेवढ्याने तो कोपरा 4 मिलिमीटर खाली जातो. बॅटरी एका बाजूला असते, चालक उजवीकडे बसतो, 37 लिटरची पेट्रोलची टाकी भरली की मागे 27-28 किलोंची भर पडते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागची बाजू बसणं हा दोष नव्हे, ते वजनच आहे. डाव्या-उजव्यात 5 मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. 10 च्या वर गेला तर कारण असतंच.

ते कारण बहुधा स्प्रिंगमध्ये नसतं, बुशमध्ये असतं. लोअर आर्मचा बुश म्हणजे एकात एक दोन नळ्या आणि मध्ये त्यांना घट्ट चिकटलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतली नळी बोल्ट आवळला की गाडीच्या सांगाड्याशी पक्की जखडली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच फिरत नाही, फक्त रबर पिळलं जातं. आता मिस्त्रीने गाडी जॅकवर असताना, चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला असं धरा. रबराला तीच स्थिती विश्रांतीची वाटते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो, रबर पिळलं जातं आणि जादा स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलत राहतं. खाली घेतलेल्या गाडीत हा पीळ मूळच्यापेक्षा मोठा. एका बाजूचा बोल्ट लोंबत्या स्थितीत आवळला आणि दुसरा वजनावर, तर दोन्ही स्प्रिंग तंतोतंत सारखे असूनही गाडी कलणार. शिवाय ते रबर लवकर फाटतं.

उपाय सोपा आहे. गाडी चारही चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घ्या, आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट थोडे सैल करा, गाडी दाबून हलवा आणि ठरलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा. तसा रॅम्प नसेल, तर चाकाचा मध्य ते मडगार्ड हे उभ्या गाडीचं माप लिहून ठेवा. मग गाडी भक्कम स्टँडवर ठेवून आर्मखाली दुसरा जॅक लावा आणि तेच माप येईपर्यंत उचला. बोल्ट तिथे आवळायचा.

बुश ठीक निघाले तर स्प्रिंगची टोकं पाहा. खालच्या ताटलीत एक पायरी असते. स्प्रिंगचं कापलेलं टोक तिला अलगद टेकलेलं हवं. टोक पायरीवर चढलेलं असेल तर तो कोपरा तेवढ्याने उंच राहतो. वरचं रबर एका बाजूला विसरलेलं, माउंटचं रबर बसलेलं, शेवटचा वेटोळा तुटलेला, हेही इथेच सापडतं. मूळ स्प्रिंग पुन्हा बसवलेले असतील तर त्यांवरचे रंगाचे पट्टे जुळतात का तेही पाहा, कारण काही गाड्यांत डावा-उजवा स्प्रिंग कंपनीच वेगळा देते. तरी शंका उरली आणि दोन्ही स्प्रिंग एकच नमुन्याचे असतील, तर अदलाबदल करा. कल बाजू बदलून गेला तर दोष स्प्रिंगचा. जागेवरच राहिला तर गाडीचा. स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प मात्र जाणत्याच्या हातीच द्या. दाबलेला स्प्रिंग सुटला तर हात मोडतो, जीवही जाऊ शकतो.

दिसणारा कोपरा आणि दोषी कोपरा एकच असतील असंही नाही. डुगडुगणाऱ्या खाटेचा एक पाय उंच असला की समोरचा तिरका पाय त्याच्यासोबत भार घेतो आणि खाट तिसऱ्याच कोपऱ्यावर कलते. म्हणून पुढची उजवी बाजू बसलेली दिसली तर मागची डावी आधी मोजा. स्टॅबिलायझर बारच्या लिंक काढून पुन्हा माप घेतलं की बारमधला पीळही वेगळा काढता येतो.

आटे असलेले कॉइलओव्हर असतील तर रिंग फिरवून उंची बदलते, पण पुढे-मागे हिशेब वेगळा. स्ट्रटमध्ये रिंग 5 मिलिमीटर सरकवली की कोपरा जवळपास तेवढाच हलतो. मागे स्प्रिंग चाकापासून आत, बीमच्या जवळ असेल तर तेवढ्याच फरकाने चाकापाशी जास्त हालचाल होते. म्हणून थोडंच फिरवा, गाडी हलवा, मोजा. उंच बाजू खाली आणण्यापेक्षा बसलेली बाजू वर घ्यावी, असं माझं मत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही 10 सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्या गल्ल्यांतले बरेचसे निकष न पाहताच बांधलेले असतात. फार खाली घेतलेली गाडी उभ्या-उभ्याच बंप स्टॉपवर टेकते. मग त्या कोपऱ्यावर रिंग खाली घेऊनही फरक पडत नाही.

हे सगळं तपासून चार-सहा मिलिमीटर उरले, तर पॅकिंग जरूर टाका. त्यानंतर अलाइनमेंट करावंच लागतं, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा मात्र स्प्रिंग विकत घेण्याआधीच करा. शेवटी रात्री भिंतीसमोर हेडलाइट लावून पाहा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली असेल तर झोत वर गेलेला दिसेल. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो पडू नये म्हणून दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत खाली आणा.