दोष लिनक्सचा की विजेचा? डेस्कटॉप संगणकाच्या बिघाडांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोज 10 या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप ज्यांच्यात नाही, असे अनेक धडधाकट संगणक एकाएकी जुने ठरले. अशा संगणकांवर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादे लिनक्स वितरण, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा एकत्र बांधलेला संच, बसवणे हा स्वस्त आणि रास्त पर्याय असतो. मात्र रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जेथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्राची खारी हवा घराघरांत शिरते आणि पावसाळ्यात तारांवर झाड पडले की वीज जाते, तेथे वीज, हवा किंवा जुनी फाइल यांच्यामुळे झालेल्या बिघाडाचे खापर पुष्कळदा नव्या प्रणालीवर फुटते. असे काही नेहमीचे गैरसमज येथे तपासले आहेत.

गैरसमज 1 : लाईट गेल्यानंतर संगणक काळ्या पडद्यावर अडकला, तर डिस्कवरचे सगळे गेले.

वस्तुस्थिती : लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी एक्स्ट4 ही फाइल-व्यवस्था डिस्कवरच्या रचनेत करावयाचा प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, टिपून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी ही नोंदवही वाचून रचना बहुधा आपोआप सावरली जाते. ज्या मजकुराची नोंद डिस्कवर पोहोचलीच नव्हती तो मात्र जातो. क्वचित ही दुरुस्ती आपोआप होत नाही आणि पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द येऊन संगणक आज्ञेची वाट पाहत थांबतो. त्याच्या वरच्या ओळींत बिघडलेल्या विभाजनाचे (पार्टिशनचे) नाव आणि ‘एफएससीके’ ही तपासणीची आज्ञा स्वतः चालवण्याची सूचना बहुतेक वेळा लिहिलेली असते. ती आज्ञा त्या विभाजनाच्या नावासह दिली की पुष्कळ संगणक पूर्ववत सुरू होतात. डिस्कमधून खरखर येत असेल किंवा तिच्या स्मार्ट या अंतर्गत आरोग्य-नोंदीत खराब झालेल्या जागांची संख्या वाढत असेल, तर मात्र दुरुस्तीच्या आधी पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स सुरू करून फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा ताण घातक ठरू शकतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज कित्येक दिवस नव्हती. अशा जिल्ह्यात यूपीएस आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रत यांना चैन म्हणता येत नाही.

गैरसमज 2 : फॉरमॅट मारला की सगळे सुटते.

वस्तुस्थिती : लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या आवडीनिवडी त्याच्या ‘होम’ फोल्डरमधील, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींत साठवलेल्या असतात, म्हणून होम कायम ठेवून प्रणाली पुन्हा बसवली तर जुना दोषही कायम राहू शकतो आणि होम पुसले तर दोषाबरोबर कागदपत्रेही जातात. त्याऐवजी एक नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या खात्यात शिरावे. तेथे दोष दिसला नाही, तर तो प्रणालीत नसून जुन्या खात्याच्या मांडणीत आहे असे मानायला हरकत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पासवर्डचाच पडदा येणे. त्याचे एक नेहमीचे कारण डिस्क काठोकाठ भरलेली असणे हे असते, कारण सत्र सुरू होताना ज्या छोट्या फाइली लिहाव्या लागतात त्यांनाही जागा उरत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबल्यास बहुतेक वितरणांत केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव-पासवर्ड देऊन ‘डीएफ’ ही आज्ञा चालवली की कोणते विभाजन किती टक्के भरले आहे ते दिसते आणि नको असलेल्या फाइली, जुने गाभे व फुगलेल्या नोंदी काढल्या की वाट मोकळी होते.

गैरसमज 3 : संगणक मध्येच गोठतो, म्हणजे लिनक्स अस्थिर आहे.

वस्तुस्थिती : कधी ब्राउझर, कधी छपाई, कधी नुसताच पडदा असा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी येणारा अडथळा हार्डवेअरकडे बोट दाखवतो. खाऱ्या, दमट हवेत रॅमची पट्टी आणि तिची खाच यांच्यातला संपर्क गंज किंवा मळामुळे सैल होतो. ‘मेमटेस्ट86+’ हा तपासणी-कार्यक्रम कोणतीही प्रणाली सुरू न करता थेट चालतो; त्यात चुका दिसल्या तर लिनक्स दोषमुक्त ठरते. मग संगणक बंद करून, प्लग काढून, पट्टीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती घट्ट बसवावी आणि तपासणी पुन्हा करावी.

गैरसमज 4 : लिनक्समुळे घड्याळ बिघडते.

वस्तुस्थिती : मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ असते असे विंडोज गृहीत धरते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ असल्याचे धरून चालते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर असतील तर विंडोजनंतर लिनक्स सुरू केल्यावर सकाळचे दहा दुपारचे साडेतीन दिसू शकतात. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की लिनक्स बोर्डाच्या घड्याळात साडेचार लिहिते आणि मग तीच वेळ विंडोज सकाळची म्हणून दाखवते. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर बहुधा हेच कारण असते आणि दोघांपैकी एका प्रणालीची मांडणी बदलून ते मिटते. फरक दिवसांचा वा वर्षांचा असेल, तर बोर्डावरची सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असण्याचा संभव मोठा असतो.

गैरसमज 5 : वायफाय आणि प्रिंटर लिनक्सवर चालतच नाहीत.

वस्तुस्थिती : वायफाय कार्डाला चालू होताना स्वतःचा एक छोटा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, लागतो आणि तो मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे काही वितरणे तो पूर्वी सोबत देत नसत. डेबियनने जून 2023 मधील बाराव्या आवृत्तीपासून तो अधिकृत संचात घेतला. तरीही अडले, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि हवे ते फर्मवेअर उतरवावे. नवे, चालकाविना (ड्रायव्हरविना) छापणारे प्रिंटर सहसा जोडताच ओळखले जातात. कॅननच्या एलबीपी2900 सारख्या, कंपनीच्या स्वतंत्र भाषेत बोलणाऱ्या जुन्या यंत्रांना मात्र कॅप्ट नावाचा वेगळा चालक बसवावा लागतो.

गैरसमज 6 : लिनक्सवर मराठी अक्षरे मोडतात.

वस्तुस्थिती : श्रीलिपी किंवा कृतीदेव यांच्या जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत, म्हणून तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, मग तो विंडोजचा का असेना, ती फाइल अर्थहीन चिन्हांची दिसते. युनिकोडने 1991 पासून देवनागरीला स्वतःची जागा दिलेली आहे आणि त्या पद्धतीने लिहिलेला मजकूर लोहित किंवा नोटो यांसारख्या मुक्त फाँटांत नीट दिसतो. जुन्या फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि नवे लेखन इन्स्क्रिप्ट कळफलकाने करावे, म्हणजे हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

बिघाड वीज, यंत्रभाग, डिस्क, खाते आणि सॉफ्टवेअर यांपैकी कोणत्या थरात आहे, हे खालून वर तपासत गेल्यास पुन्हा प्रणाली बसवण्याची वेळ क्वचितच येते. पडद्यावरची सूचना वाचल्याशिवाय संगणक बंद करू नये, अर्थ न कळलेली आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने कधीही चालवू नये आणि कोणत्याही दुरुस्तीआधी कागदपत्रांची प्रत काढून ठेवावी.