साध्या मोटारीचा शृंगार

मोटारींचे प्रदर्शन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, लांबलचक नाकाच्या पॅकार्ड आणि पितळी दिव्यांच्या शतकापूर्वीच्या गाड्या उभ्या राहतात. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० साली सुरू झालेला सोहळा काय, किंवा दिल्लीस ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ साली सुरू केलेला मेळावा काय, मान मिळत आला तो अशाच गाड्यांस. त्यामुळे तीन सिलिंडरांची, बारा इंची चाकांची आमची पांढरी मारुती ८०० स्पर्धेस न्यावयाची, असा विचार आमच्या पुतण्याने प्रथम बोलून दाखविला तेव्हा साऱ्या घराने तो हसण्यावारी नेला, यात नवल नाही.

पण हसण्यामागे एक गंभीर प्रश्न होता. ही गाडी तीर्थरूप अण्णांनी १९९३ साली भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढून घेतली. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या नूतनीकरणाची मुदत २०२३ साली पुन्हा भरत होती. अण्णांनी चौऱ्याऐंशी वर्षे पुरी केलेली, दृष्टी मंद झालेली, गाडी चालविणे सुटलेले. आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे असे, की अंगणातील जागा अडवून बसलेली ही वस्तू आता मोडीत काढावी. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नव्हते. अखेर तडजोड अशी ठरली, की मुदतीपूर्वी शहरात जो मेळावा भरणार आहे त्यात गाडीची कोणी दखल घेतली तर ती ठेवावी, न घेतली तर जाऊ द्यावी. अण्णा या बैठकीत एक शब्दही बोलले नाहीत.

या गाडीचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. १९८६ साली तिचे अंग बदलले, आणि त्याच घाटाची गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत निघत राहिली. एकंदर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आणि खरी अडचण याच संख्येत आहे. जी वस्तू गल्लोगल्ली दिसते ती कोणी जपून ठेवीत नाही. यंत्राचे सुटे भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, परंतु मूळ बैठकीचे कापड, चाकावरच्या झाकण्या, पायाखालचे गालिचे शोधू गेल्यास माणूस रडकुंडीस येतो. खुद्द ती पहिली गाडीसुद्धा २०१० साली हरपाल सिंग वारल्यानंतर घराबाहेर गंजत पडली होती. पुढे तिचा जीर्णोद्धार झाला.

इंग्रज लोकांस मात्र या गोष्टीतील गंमत आमच्या आधी उमगली. हॅगर्टी या मोटार-विम्याच्या कंपनीने तिकडे २०१४ सालापासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’, म्हणजे ज्यांत काही विशेष नाही अशा गाड्यांचा मेळा, भरविण्यास प्रारंभ केला. कारकून, शिक्षक, फिरते विक्रेते ज्या गाड्यांतून कामास जात त्याच तेथे हिरवळीवर मांडतात, आणि परीक्षक त्यांची गंभीरपणे पाहणी करतात. आमच्या पुतण्याच्या डोक्यात हे वेड तेथूनच शिरले.

आता तयारीविषयी. आमची समजूत अशी होती, की गाडी धुवावी, पुसावी, चकचकीत करावी, झाले. ती सर्वस्वी चुकीची निघाली. प्रथम धुण्याचीच रीत पाहा: सावलीत, वरून खाली, आणि दोन बादल्यांनी. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत निर्मळ. फडके दुसरीत खळबळून मगच पहिलीत बुडवावयाचे. एकाच बादलीने धुतल्यास आदल्या भागाची वाळू पुढच्या भागावर घासली जाते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. खाली पडलेले फडके पुन्हा गाडीस लावावयाचे नाही. (सोवळ्यातल्या वस्त्रासही आमच्या घरी हल्ली इतकी शिस्त उरलेली नाही, असे मातोश्री म्हणाल्या.) धुतल्यावर हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून बोटे फिरविली, तो जो भाग डोळ्यांस गुळगुळीत दिसत होता तो बोटांस खरखरीत लागला. रंगात रुतलेले हे कण काढण्यास एक विशिष्ट चिकणमाती मिळते. ती साबणाच्या पाण्यावरून हलक्या हाताने फिरवितात.

येथवर सारे ठीक चालले होते. पुढे झिलई देताना आमच्या पुतण्याने भाड्याने फिरते यंत्र आणले. मोटारीच्या पत्र्यावरील रंगाचे सारे थर मिळून जाडी सुमारे मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरते, आणि कडांवर तर ती त्याहूनही कमी असते. आमच्या गाडीचा पांढरा रंग एकेरी, त्यावर काचेसारखा पारदर्शक थर नाही. घासताच फडक्यावर पांढरे उतरते, ही त्याची खूण. यंत्र बॉनेटच्या कडेवर क्षणभर अधिक टेकले, आणि रुपयाएवढ्या जागी खालचा राखी अस्तर-रंग उघडा पडला. तीस वर्षे उन्हापावसाने जे केले नाही ते आम्ही दोन सेकंदांत केले. पोराचे तोंड पाहवेना. त्या रात्री तो जेवला नाही.

रंगाऱ्यास बोलाविले. तो म्हणाला, “सगळी गाडीच रंगवून टाका, नवी कोरी करून देतो.” मोह मोठा होता. पण या क्षेत्रातील जाणत्यांचा कौल निराळा आहे. रंग एकदाच मूळचा असतो. पुन्हा दिलेला कितीही सुंदर असला तरी तो दुसरा. पेबल बीचसारख्या ठिकाणीही न रंगविता जतन केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. शिवाय एकटे बॉनेट रंगवावे तर पिकलेल्या पांढऱ्याशी नवा पांढरा मिळत नाही. तेव्हा तेवढ्याच जागी बारीक कुंचल्याने रंग टिपला आणि उरलेली सारी गाडी हातांनी, यंत्राविना, चार रविवारांत पुरी केली. या कामी आमच्या कुटुंबाने आणि वहिनींनीही पदर खोचून हात लावला. बैठकीच्या शिवणींतील धूळ काढण्यास दात घासण्याचा मऊ ब्रश उत्तम, हा शोध त्यांचाच. इंजिनावर मात्र नळीने पाणी मारू नये. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि आल्टर्नेटर झाकून ओल्या फडक्यानेच पुसावे. टायरांस तेलकट चकाकी आणू नये, कारण कारखान्यातून ती तशी येत नाहीत.

दरवाजांची रबरी गोट जुनी झाली म्हणून आम्ही नवी बसविली. संध्याकाळी अण्णा काठी टेकीत अंगणात आले, चाचपून दार उघडले, आत बसले, दार ओढले, आणि म्हणाले, “हे आपले दार नव्हे.” आम्ही समजाविले की दार तेच आहे. त्यांनी पुन्हा लावून दाखविले. आवाज खरोखरच निराळा होता. नवे रबर कठीण, दार दणका दिल्याशिवाय बसेना. पुतण्याने केराच्या टोपलीतून जुनी गोट काढली, साबणाने धुतली, ग्लिसरीन चोळून मऊ केली आणि परत बसविली. अण्णांनी चारही दारे एकेक करून लावून पाहिली आणि काही न बोलता आत गेले. थोड्या वेळाने एक पुठ्ठ्याची वही घेऊन बाहेर आले. १९९३ पासून २०१६ पर्यंत भरलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलची तीत नोंद होती. ही वही घरात आहे हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते!

मेळाव्याच्या दिवशी परीक्षकांनी गाडीखाली वाकून पाहिले, दिवे, भोंगा, पाणी पुसणाऱ्या काड्या चालवून पाहिल्या. बॉनेटवरील डाग त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पुतण्याने तो कसा पडला ते सरळ सांगितले. मग त्यांनी वही मागितली. दोघे परीक्षक ती चाळीत उभेच राहिले, आणि अण्णा खुर्चीवर बसून कोणत्या सालच्या प्रवासात कोठे किती पेट्रोल लागले ते सांगत होते. आमच्या वर्गात तिसरा क्रमांक आला. बंधूंनी दुसऱ्याच आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज आपण होऊन भरला.

दुसरा क्रमांक एका गुणाने हुकला, तो हत्यारांच्या पिशवीत जॅक फिरविण्याचा दांडा नव्हता म्हणून. तो कोठे गेला याचा तपास घरी आल्यावर लागला. गेली वीस वर्षे आमच्या परसदाराच्या दोन कड्यांतून रात्री जो लोखंडी अडसर सरकविला जातो, तोच तो. पुतण्याने तो घासून, तेल लावून पिशवीत ठेवला आहे. आणि परसदारास आता काय लावावयाचे, असे मातोश्री रोज रात्री विचारीत आहेत.