उतारवयातील व्यायाम आणि कला

साठी उलटली की माणसाने हरी हरी करीत स्वस्थ बसावे, हा संकेत आपल्या समाजात इतका रूढ झालेला आहे की, घरातील वडीलधाऱ्यांना पाण्याचा तांब्यादेखील उठून घेऊ न देणे हीच खरी सेवा, असे मुलासुनांना अगदी मनापासून वाटत असते. या सेवेमागील सद्भाव वंदनीय आहे; परंतु तिने वृद्धांचे हित कितपत साधते, याचा फेरविचार करण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे. २०११च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. तेव्हा हा प्रश्न चार घरांच्या खाजगी जिव्हाळ्यापुरता उरलेला नाही.

वार्धक्यातील दौर्बल्याचा बराचसा भाग वयाचा नसून निरुद्योगाचा असतो, हे १९९० साली बॉस्टन येथे प्रत्ययास आले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांकडून वैद्यकीय देखरेखीखाली आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम करविला, आणि तो पूर्ण करणाऱ्यांचे स्नायुबल सरासरीने १७४ टक्के वाढले. व्यायाम थांबताच हे बळ पुन्हा ओसरू लागले, हा त्या प्रयोगाचा दुसरा आणि तितकाच मोलाचा धडा होय. पुढे १९९६ साली अटलांटा येथे सत्तरीवरील स्त्रीपुरुषांना ताय ची ही चिनी संथ व्यायामपद्धती शिकविण्यात आली, तेव्हा त्यांच्यातील वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरलेला वृद्ध किती वेळा पुन्हा पूर्ववत उभा राहत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे मोल निराळे सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शिकेत पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम करण्याची शिफारस केली आहे.

या व्यायामास फार मोठी सामग्री लागते असे नाही. भक्कम खुर्चीवर बसून, पावले सपाट टेकवून, धड किंचित पुढे झुकवून हातांच्या आधाराविना उठावयाचे, क्षणभर ताठ उभे राहावयाचे आणि अंग न टाकता सावकाश खाली बसावयाचे, एवढीच कृती. पण बसतानाचा तो संथपणा मांडीच्या स्नायूंकडून जे काम करवून घेतो, तेच पुढे जिना उतरताना उपयोगी पडते. खुर्चीचे हे सामर्थ्य पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी फार पूर्वीच ओळखले होते. १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या योगसंस्थेत पाठीचा पत्रा काढून टाकलेली घडीची लोखंडी खुर्ची, भिंतीतील दोर, लोड आणि लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने ताठर आणि व्याधिग्रस्त देहालाही आसनाचा लाभ घेता येईल, अशी व्यवस्था त्यांनी सिद्ध केली. साधकाने आसनासाठी झिजावे त्याऐवजी आसनानेच साधकाच्या प्रकृतीशी जुळवून घ्यावे, ही त्यामागील दृष्टी वृद्धांच्या प्रत्येक वर्गास दीपस्तंभासारखी आहे.

तथापि केवळ स्नायूंसाठी माणूस दररोज घराबाहेर पडत नाही; त्याला ओढ लावणारे काहीतरी लागते, आणि कलेचा अधिकार येथे सुरू होतो. पुण्यातील नर्तक हृषिकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले आहेत. या व्याधीत मेंदूतील डोपामीन घटत जाते, हालचालींचा आपोआप चालणारा क्रम खंडित होतो आणि पाऊल जमिनीला खिळल्यासारखे होते. परंतु बाहेरून ठेका कानी पडला तर तेच पाऊल कित्येकदा उचलले जाते. अमेरिकेत ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असेच वर्ग चालविले आहेत. त्याच वर्षी जीन कोहेन यांनी वॉशिंग्टन येथे, सरासरी ऐंशीच्या आसपास वय असलेल्या मंडळींच्या समूहगायनाचा अभ्यास हाती घेतला; गाणाऱ्यांच्या डॉक्टरांकडील खेपा आणि पडण्याचे प्रसंग, दोन्ही इतरांच्या मानाने कमी भरले. एका अभ्यासावरून सिद्धांत मांडू नये हे खरे, पण एवढ्या पुराव्यावरून दुर्लक्ष करणेही शहाणपणाचे नव्हे.

महाराष्ट्राला तर हे सारे परके वाटण्याचे कारणच नाही. टाळांच्या ठेक्यावर पावली टाकणारे भजनी मंडळ श्वास, स्मरण, तोल आणि सहवास यांची एकदम जोपासना करते. मंगळागौरीच्या खेळांत गुडघे, कंबर आणि हास्य यांना सारखेच काम मिळते. दुखऱ्या सांध्यांस फुगडीची गिरकी सोसणार नाही. परंतु तिचा ठेका आणि गाणे कायम ठेवून बसल्या जागी हातापायांच्या हालचाली बसविणे जाणत्या शिक्षिकेस अवघड नाही. विशेषतः ज्या स्त्रियांना कोणत्याही दप्तराने कधी पेन्शन मंजूर केले नाही, आणि ज्यांच्या स्वयंपाकघरातील आयुष्यभराच्या राबण्यालाच व्यायाम समजून जग मोकळे झाले, त्यांना दिवसाचा एक तास केवळ स्वतःचा असा मिळवून देणे, हे या वर्गांचे सर्वांत मोठे पुण्यकर्म ठरेल.

गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी व्याख्याने आणि सहली यांचा शिरस्ता उत्तम पाळला आहे. त्याच्या जोडीला असे वर्ग यावेत. दुपारी रिकामी असणारी समाजमंदिरे आणि तळमजल्यावरील सभागृहे नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी यासाठी विनामूल्य द्यावीत, आणि शिक्षकांच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. निसरडी नसलेली जमीन, भक्कम खुर्च्या, आधाराला भिंत, जवळ स्वच्छतागृह, हृदयविकार वा रक्तदाब असल्यास आधी वैद्याचा सल्ला, आणि वयाची लाज न वाटू देणारा शिक्षक, एवढ्या तजविजीवर काम सुरू होऊ शकते. एखादा सभासद दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी चौकशीस जाणारे चार स्नेही त्याला लाभतील, हा लाभ तर कोणत्याही औषधालयात मिळणारा नाही. मुलांच्या शाळेसाठी जागा आणि पैसा उभा करणे हे समाजाचे कर्तव्य आहे, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. वृद्धांच्या या शाळेविषयीही तीच निष्ठा आपण बाळगली पाहिजे, कारण तिच्या वर्गात आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला नाव घालावयाचे आहे.