ताप उतरला, धाप राहिली

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यातून माणूस घरी आला की ‘सुटला बिचारा’ असे आपण म्हणत होतो. परंतु पुष्कळांचा खोकला व धाप त्यानंतरही महिनोन् महिने गेली नाही. असे का व्हावे?

विषाणूमुळे फुप्फुसातील वायुकोशांना सूज येते. बहुतेकांची ती ओसरते. आजार जबर असेल तर मात्र वायुकोशांच्या भिंतीत व्रण राहून त्या जाड होतात व प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. बसल्या जागी काही जाणवत नाही. चढण लागली की दम लागतो. आणि सुरगाण्यात चढणीवाचून वाट कोठे आहे?

ज्यांना प्राणवायू किंवा श्वासयंत्र लावावे लागले त्यांना हा धोका अधिक. उतारवय, दमा, मधुमेह, लठ्ठपणा व विडी ही आणखी कारणे. लस घेतलेल्यांत धोका कमी आढळला. चुलीच्या धुराकडे मात्र कोणी पाहत नाही. आपल्या आया-आज्यांनी विडीला हात लावला नाही, तरी लाकडाचा धूर जन्मभर छातीत घेतला. त्या धुराने फुप्फुसाचा जुनाट विकार जडतो. अशा छातीवर विषाणूचा घाव पडला तर ती लवकर कशी सावरावी?

अर्थात प्रत्येक खोकला करोनाने मागे ठेवलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या विकाराची व्याख्या करताना ‘दुसरे कारण नसावे’ अशी अट घातली. आपल्याकडे ते दुसरे कारण पुष्कळदा क्षय असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात.